पाचशे बैठका

“हॉइटं इस्ट झोनटाग!”

समोरच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरून फ्राऊ केसलर ओरडत होत्या. आज रविवार आहे, ही बातमी त्या गेली पाच मिनिटं आम्हाला देत होत्या. जर्मनीत रविवारी सकाळी आवाज करणं म्हणजे चपला घालून देवळात शिरणं, हे मलाही ठाऊक होतं. पण मी तेव्हा वस्ताद होतो, आणि वस्तादाला वार नसतो. लोखंडी बारखाली पाय रोवून मी बाईंच्या वरच्या पट्टीत ओरडत होतो, “त्र्याऐंशी. गुडघे बाहेर. चौऱ्याऐंशी. मान वर, विन्या, खाली काय सोनं सांडलंय? पंचाऐंशी.”

माझ्या त्या आकड्यांनी निम्मं हॅनोव्हर जागं झालं, स्टाडबानच्या ड्रायव्हरनं भर रुळावर ब्रेक लावला, आणि आयलेनरीडेच्या रानातले ससे गाशा गुंडाळून हार्त्सच्या डोंगरात राहायला गेले. यातल्या फ्राऊ केसलर तेवढ्या खऱ्या धरा. आणि विन्याच्या डोक्यातून निघणारी वाफ. उणे चार अंशात त्याच्या टकलावरून इडलीपात्रासारखी वाफ निघत होती, आणि मला वाटत होतं, की ही वाफ मीच काढली.

काल मेसेच्या, म्हणजे औद्योगिक प्रदर्शनाच्या, कामासाठी एश्बॉर्नहून हॅनोव्हरला आलो होतो. दुपारी स्टॉलवरून सटकलो आणि पाय आपोआप त्या व्यायामाच्या बारांकडे गेले. सहा वर्षांनी. बार बदललेत. तेव्हा हिरव्या रंगाचे पापुद्रे सुटलेलं साधं लोखंड होतं, आता करड्या रंगाचे गुळगुळीत नळ आहेत, आणि शेजारी एक फलक. त्यावर प्रत्येक व्यायामाचं चित्र, आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलंय, की आपापल्या कुवतीप्रमाणे करावं. मी फलक दोनदा वाचला. मग हात वर केला आणि लोंबकळलो. सात सेकंद. खाली उतरून तळहात नाकाशी नेला. रंग बदलला तरी वास तोच होता. ओल्या लोखंडाचा, जुन्या नाण्यासारखा, दात पडल्यावर तोंडात येतो तसा. तो वास नाकात गेला आणि मी तिथल्या तिथे बाकावर बसलो.

विन्या, म्हणजे विनायक. आम्ही एकाच कंपनीत समोरासमोरच्या टेबलांवर बसायचो. बेचाळिशीचा माणूस, पण खुर्चीत बसून बसून खुर्चीच्याच आकाराचा झालेला. प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘गेनाऊ’, म्हणजे ‘अगदी बरोबर’, म्हणायचा. आपण काही चुकीचं बोललो तरी गेनाऊ. बारसमोरच्याच इमारतीत, फ्राऊ केसलरच्या दोन मजले वर, चौथ्या मजल्यावर तो, मेघनावहिनी आणि त्याचे वडील राहायचे. घर जुनं, उंच छताचं, देखणं. लिफ्ट नाही. बहात्तर पायऱ्या, लाकडी, मेणाचा आणि ओल्या कोटांचा वास असलेल्या.

काका, म्हणजे विन्याचे वडील, आले होते तीन महिन्यांच्या व्हिसावर. एका सकाळी दाढी करताना त्यांचं उजवं अंग खाली बसलं आणि मग उठलंच नाही. विमानात बसवायचं नाही, असं डॉक्टरांनी लिहून दिलं. त्या चिठ्ठ्यांच्या आधारावर आउसलेंडरबेहोर्डं, म्हणजे परदेशी लोकांची सरकारी कचेरी, मुक्काम वाढवत राहिली. जीभ मात्र शाबूत होती. गेलेल्या अर्ध्या अंगाची ताकदही जिभेतच उतरली असावी, असं वाटायचं.

टेक्निकल शाळेत त्यांनी चौतीस वर्षं सुतारकाम शिकवलं होतं. आता दिवसभर खिडकीशी. खिडकीतून काय दिसायचं, तर अंगणातल्या चेस्टनटचा शेंडा. चौथ्या मजल्यावरून झाडाचा तेवढाच भाग दिसतो. पानं लाल होताना त्यांनी पाहिली, गळताना पाहिली, उघड्या फांद्यांवर पारवे मोजले.

“अहो पैलवान,” ते मला म्हणाले होते, “शेंड्यावरून झाड कळत नसतं. खोडावर तळहात ठेवावा लागतो. साल कशी आहे, आतून पोकळ लागतंय का भरीव, हाताला कळतं. मला एकदा त्या खोडापाशी न्या.”

खुर्चीला पट्ट्यांनी बांधून माणसाला खाली नेणारे लोक इथे मिळतात. विन्यानं फोनही केला होता. काका म्हणाले, “मी काय कपाट आहे? माणसानं पोराच्या पाठीवर बसावं, नाहीतर चौघांच्या खांद्यावर. मधलं वाहन मला नको.”

झालं. पोराच्या पाठीत तेव्हा दुधाचे चार डबे वर न्यायचीही ताकद नव्हती. दुसऱ्या मजल्यावर तो थांबायचा आणि मोबाइल बघतोय असं दाखवायचा.

दुसऱ्या दिवशी कॉफीच्या मशीनपाशी त्यानं मला गाठलं. “तू तालमीत होतास ना रे?”

होतो. म्हणजे काय होतो, ते सांगतो. सहा वर्षं रोज दुपारी जेवताना मी त्या ऑफिसात माझी तालीम वाढून घेत होतो. मी बैठका मारायला लागलो की शेजारणीच्या फळीवरची भांडी खाली यायची. मी जोर काढले की हौदातली लाल माती उडून कौलांवर बसायची आणि पावसाळ्यात तिथं भुईमूग उगवायचा. आमच्या वस्तादांनी मला एकदा म्हैस खांद्यावर देऊन ओढा ओलांडायला लावला, आणि पलीकडे गेल्यावर म्हैस उतरायला तयार होईना. रोजच्या बैठका पाचशे, सणावाराला हजार. विन्या डबा खाता खाता हसायचा, आणि मला वाटायचं, की त्याला कळतंय. कळत नव्हतं. किंवा म्हैस खोटी असेल पण पाचशे खऱ्या असतील, असा त्यानं हिशेब केला होता. थापेचं असंच असतं. ऐकणारा त्यातली मोठी गोष्ट सोडून देतो आणि लहान गोष्ट घरी घेऊन जातो.

तालमीत मी गेलो होतो अकरा दिवस. त्यातले तीन दिवस वस्तादांना ताप होता.

“होतो की,” मी म्हणालो.

“जिम नको मला,” विन्या म्हणाला. “तिथली वजनं गुळगुळीत असतात, धरायला मूठ असते. बाबांना मूठ नाहीये. गेनाऊ?”

“जिममध्ये माणूस फुगतो,” मी म्हणालो. “पक्का व्हायचं असेल, तर उघड्यावर, स्वतःचंच वजन उचलायचं. आधी स्वतःला पेलता आलं पाहिजे, मग बापाला.”

वाक्य इतकं सुंदर झालं, की माझे मलाच डोळे भरून आले. ऑक्टोबर होता.

त्या सकाळी. काय सांगू त्या सकाळींबद्दल. साडेसहाला अंधार पातळ व्हायचा आणि कोपऱ्यावरच्या बेकरीतून पहिल्या पावांचा वास अंगणभर पसरायचा. त्याखाली कुजणाऱ्या पानांचा वास, तंबाखूसारखा, गोडसर. चेस्टनट टपटप पडायचे; गाडीच्या टपावर पडला की गोळी सुटल्यासारखा आवाज. मी विन्याला बूट काढायला लावायचो. हौदात उतरण्यापूर्वी मातीला हात लावून कपाळाला लावतात, एवढं मला अकरा दिवसांत नीट कळलं होतं. इथं माती नव्हती, मुलं पडली तर लागू नये म्हणून टायरांचा काळा भुगा पसरलेला. आम्ही त्या भुग्याला वाकून नमस्कार करायचो. कुत्रं फिरवायला आलेले म्हातारे थांबून बघायचे. त्यातला एक जण पुढे पुढे लांबूनच टोपी काढायला लागला.

पहिल्या दिवशी विन्या बारला चार सेकंद लटकला आणि पिकल्या फणसासारखा खाली आला. बैठका झाल्या नऊ. नोव्हेंबरात तीस. बाकावर चढ-उतर, एकदा डावा पाय, एकदा उजवा, पाठीवर सॅकमध्ये आधी पाच किलो तांदूळ, मग दहा, मग वर आठ किलो कणीक. डबल बारवर हातांच्या जोरावर वर-खाली. डिसेंबरात बार इतके गार असायचे की तळहात चिकटायचे, सोडवताना कातडीचा चरचर आवाज यायचा. वहिनी थर्मासमध्ये आलं-गवती चहाचा काढा द्यायच्या. नारायण तेलाची बाटली माझी. ते मांड्यांना चोळून आम्ही तसेच ऑफिसला जायचो, आणि स्टाडबानच्या गर्दीत आमच्याभोवती दोन सीट मोकळ्या राहायच्या.

वर चौथ्या मजल्याच्या खिडकीत एक डावा हात दिसायचा. काका चेहऱ्यासकट पुढे झुकू शकत नव्हते, म्हणून हातच काचेला लावायचे.

“बाबा आत बसून तुमच्याबरोबर मोजतात,” वहिनी म्हणाल्या. “एकाला एक नाही म्हणत. धान्य मापताना म्हणतात तसं लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन. विनायक थांबला की त्यांचा श्वास अडकतो.”

खरं सांगायचं तर त्या चार महिन्यांइतका सुखी मी आयुष्यात कधीच नव्हतो. ऑफिसात मला कोणी विचारत नव्हतं, घरी एकटा, रविवारी आईला फोन. आणि इथं एक माणूस माझ्या शब्दावर उठत होता, बसत होता. मला वस्ताद म्हणत होता. थाप मारता मारता मी तिच्यात राहायला गेलो होतो, आणि घर चांगलं उबदार होतं.

जानेवारीच्या शेवटी विन्यानं न थांबता शंभर मारल्या. त्याच त्या रविवारी, फ्राऊ केसलर ओरडत असताना. शंभरावी झाली तेव्हा बाईंनी खिडकी लावून घेतली होती आणि वरच्या काचेवरचा हात तळव्यानं काच ठोकत होता. विन्या भुग्यावर उताणा पडला, आणि पडल्या पडल्या त्यानं विचारलं, “आता उचलू का?”

हो म्हणायचं होतं. शंभर बैठका मारणारा माणूस काकांना घेऊन बहात्तर पायऱ्या सहज उतरला असता. मला ते दिसत होतं. पण तो उतरला असता, तर सोमवारी सकाळी मी कुठे जाणार होतो?

“शंभर?” मी म्हणालो. “शंभरात माणूस स्वतःचा होतो. दुसऱ्याचं वजन घ्यायचं, तर पाचशे. नाहीतर तिसऱ्या मजल्यावर गुडघा दगा देतो आणि बाप जातो हातातून. आमच्याकडे एकाचा गेला होता.”

आमच्याकडे कोणाचाच गेला नव्हता. विन्या मान हलवून म्हणाला, “गेनाऊ.”

त्याच आठवड्यात वहिनींनी मला जिन्यात अडवलं. “भावजी, तुम्ही तर पाचशे मारता. मग तुम्हीच एकदा बाबांना खाली न्या ना. विनायकचं होईल तेव्हा होईल. ते जेवत नाहीयेत हल्ली.”

“नेलं असतं हो, वहिनी,” मी म्हणालो. “पण काकांचा नियम आहे ना. पोराचीच पाठ.”

“मी समजावते त्यांना.”

“नको. म्हाताऱ्या माणसाचा शब्द मोडू नये.”

त्या माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिल्या. मग कणकेची पिशवी उचलून वर गेल्या. मी त्यांच्या हातातली पिशवीसुद्धा घेतली नाही.

फेब्रुवारीत काका आणखी आटले. हात काचेला कमी वेळ लागायला लागला. विन्या म्हणाला, “पाचशे एका दिवसात होतील का?” मी म्हणालो, होतील, छाती पाहिजे. तो शनिवार होता, बर्फ नाही आणि पाऊसही नाही, असलं काहीतरी आभाळातून भुरभुरत होतं. पन्नासाचा एक असे दहा हप्ते. सहाव्या हप्त्याला त्याचे ओठ पांढरे झाले. आठव्याला तो बसला की मी काखेत हात घालून उठवत होतो, आणि मोजत होतो. माझा घसा बसला, त्याच्या मांड्या थरथरायच्याही थांबल्या, लाकडासारख्या झाल्या. पाचशे झाल्या. आम्ही दोघं वर बघत उभे राहिलो. काचेवर हात नव्हता. झोपले असतील, असं विन्या म्हणाला.

रविवारी त्याचा फोन. “अरे, जिना उतरताच येत नाहीये. बसून बसून उतरलो, लहान मूल उतरतं तसा.”

“अंग आंबलंय,” मी म्हणालो. “आंबलेल्या अंगावर पुन्हा तेच मारायचं, म्हणजे उतरतं. निजून राहिलास तर गेलास. ये खाली.”

हे मात्र मी मनचं सांगितलं नव्हतं. तालमीच्या तिसऱ्या दिवशी वस्तादांनी मला हेच सांगितलं होतं, आणि गावोगाव अजून सांगतात. वीस बैठकांनी आंबलेल्या पोराला ते लागूही पडतं. तो आला. कठडा धरून त्यानं आणखी दोनशे मारल्या, प्रत्येक बैठकीला दात दातांवर घासल्याचा आवाज येत होता.

सोमवारी ऑफिसात त्यानं मला बाजूला घेतलं. “एक विचारू? लघवी कोऱ्या चहासारखी होतेय. काळी.”

“घाण निघतेय अंगातली,” मी म्हणालो. “पाणी पी भरपूर. चांगलं लक्षण आहे.”

मंगळवारी लघवी व्हायचीच थांबली. मांड्यांचे स्नायू फुटून रक्तात उतरले होते आणि मूत्रपिंडांनी हात टेकले होते, असं पुढे कळलं. इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी वहिनींना विचारलं, किती केल्या. वहिनींनी सांगितलं. बाईंनी कागद पुढे करून आकडा लिहून मागितला. वहिनींनी लिहिला. बाई कागदाकडे बघून म्हणाल्या, हे त्यांना कोणी करायला लावलं?

मी खोलीतच होतो. मी खिडकीबाहेर बघितलं.

सतरा दिवस तो यंत्राला जोडलेला होता. त्यातल्या नवव्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमाराला, काका गेले. वहिनींनी मला बोलावलं, कारण दुसरं कोणी नव्हतं. करड्या कोटातले दोघे आले, नम्र, बुटांना निळी प्लास्टिकची आवरणं घातलेले. मी म्हणालो, मी धरतो. त्यांनी मान हलवली; नियमात बसत नाही. दोघांनी पट्ट्या खांद्याला लावल्या आणि निघाले. प्रत्येक वळणावर पुढचा मागच्याला हळू आवाजात काहीतरी सांगायचा. मी मागून उतरत होतो. कुठेही थांबले नाहीत. खाली दारात आल्यावर त्यांच्यातला थोराड माणूस माझ्याकडे वळून, मला बरं वाटावं म्हणून असेल, म्हणाला, “गान्झ लाइश्ट.” फार हलके होते.

गाडी चेस्टनटच्या शेजारीच लावलेली होती. दार उघडलं, बंद झालं. त्या वर्षीच्या कळ्या तेव्हा फुगायला लागल्या होत्या, चिकट, तपकिरी. उन्हाळ्यात मी एश्बॉर्नला नोकरी शोधली.

काल मी बाकावर बसून विन्याला मेसेज केला होता. तो येताना दिसला. पूर्वी डोलत चालायचा. आता प्रत्येक पाऊल जमिनीला विचारून टाकत होता. दारापासून बाकापर्यंत त्याला बराच वेळ लागला आणि मी उठून पुढे गेलो नाही.

“काय वस्ताद,” तो म्हणाला. “पोट सुटलं.”

“तुझं कुठे गेलं?”

“डॉक्टरांनी ठेवून घेतलं.” तो बसला, दोन्ही हातांनी मांडी उचलून पाय सरळ केला. “घराला लिफ्ट आहे का तिकडे?”

“आहे. मी तळमजल्यावर राहतो.”

तो हसला. किडन्यांचं विचारलं तर म्हणाला, दोन्ही अर्धवेळ कामाला येतात, टाइलत्साइट. वहिनी किटामध्ये, म्हणजे बालवाडीत, शिकवतात, चारला येतील, जेवूनच जा. फ्राऊ केसलर गेल्या वर्षी मुलीकडे राहायला गेल्या. मी तोंड भरून बोलत होतो, मेसेमधल्या एका रोबोटनं माझ्याशी हस्तांदोलन करून माझं मनगट कसं उपटत आणलं, ते रंगवून सांगत होतो.  समोर बारवर एक मुलगी लटकत होती, तिच्या श्वासांचा आवाज येत होता.

“विन्या, एक सांगायचं होतं.”

“सांग ना.”

“पाचशे मी कधीच मारल्या नव्हत्या. तालमीत अकरा दिवस होतो फक्त. माझ्या सगळ्यात जास्त झाल्या साठ. एकदाच. त्याही शेवटच्या दहा अर्ध्यामुर्ध्या.”

तो त्या मुलीकडे बघत होता. ती खाली उतरली, हात झटकले, पाण्याची बाटली घेऊन निघून गेली. त्यानं जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली.

“साठ पुरल्या असत्या,” विन्या म्हणाला.